खरखरीत पानाची ओवाळणी

या, असं पुढं सरकून बसा. भिंतीला टेकलेल्याला कीर्तनात झोप लागते आणि प्रसादाच्या वेळी तोच आधी जागा होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. आज बुवा परगावी गेलेत, मृदंग खोळीत निजलाय. पूर्वरंगातला उपदेश काही मला जमायचा नाही, म्हणून आज नुसताच उत्तररंग. गोष्ट प्रेमाची आहे आणि आपल्या सोलापुरातलीच आहे. एका पानावरून मोडलेली, दुसऱ्या पानावरून जुळलेली. ऐकून झाली की तुमच्याकडं एक मागणं आहे. ते ऐकल्याशिवाय उठायचं नाही.

चौतीस-पस्तीस साल असेल. शुक्रवार पेठेत दत्ताचं एक लहानसं देऊळ होतं. आवारात आड, आडाला लागून उंबर, आणि उंबराच्या सावलीत पत्रावळी टाचणाऱ्या दोघी, बजाबाई आणि तिची लेक कस्तुरा. बाप बाळासो आठवड्यातून दोनदा दुधनीच्या गाडीनं पळसाच्या पानांचे भारे आणायचा. मायलेकी पानं निवडायच्या आणि बांबूच्या बारीक चोयांनी एकाला एक टाचत जायच्या. पेठेतलं लग्न असो, बारसं असो, की देवळातला प्रसाद असो, जेवायची ती कस्तुराच्या हातच्या पानावर.

कस्तुरा विशीला टेकली होती. तोंड फटकळ, बोटं चपळ, आणि डोळे... डोळ्यांचं पुढं सांगेन. दोन स्थळं येऊन गेली होती. एकाला बापाचा धंदा हलका वाटला, दुसऱ्याला मुलीचं तोंड जड वाटलं. बजाबाई रोज दत्ताला एक प्रदक्षिणा जास्तीची घालायची.

त्या दिवशी हस्ताचं आभाळ भरून आलं होतं. कस्तुरानं उत्सवाच्या पत्रावळींची चळत आडाच्या कठड्याशी रचून ठेवली होती. टपोरे चार थेंब पडले, वाऱ्यानं उंबर हलला आणि वरून एक अख्खा माणूस खाली आला. सरळ चळतीवर.

"अवो," कस्तुरा म्हणाली, "ते ताट हाय, पायरी न्हवं."

माणूस धडपडत बाजूला झाला. पंचविशीचा असेल. खाकी शर्ट, खिशात टाक, कानामागं पेन्सिल, आणि हातात भिंग – पडताना ते तेवढं त्यानं छातीशी जपून धरलं होतं.

"माफ करा... पावसानं जरा घाई केली."

"पाऊसबी वरनं आला, तुमीबी वरनं आला. दोगांनी ठरवून आलाय जनू."

बजाबाईनं पदर डोक्यावर ओढला. "कोन म्हनायचं आपन? आन झाडावर काय काम हुतं?"

"कुंडलिक. नातेपुत्याचा, मावशी. शेतकी खात्यात लागलोय. झाडांवरची कीड बघतो."

"माणसांचं बघून झालं वाटतं सरकारचं," कस्तुरा पत्रावळी झटकत म्हणाली. बारा पानं फाटली होती. तिनं त्याच्यापुढं पळसाचा जुडगा आणि चोयांची मूठ ठेवली. "बसा. बारा मोडल्या, बारा टाचून द्या. मग कीड बघा."

तो बसला. पाऊस उंबराच्या पानांतून गाळून खाली येत होता, एक एक थेंब, मोजून दिल्यासारखा. त्याची पहिली पत्रावळ अशी झाली की तिच्यात आमटी वाढली असती तर थेट मांडीवर आली असती. कस्तुरानं ती उचलून उजेडाकडं धरली आणि तिच्यातून त्याच्याकडं पाहिलं.

"चाळन झाली."

"मग दाणे चाळा की," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची. कस्तुरानं ती पाहिली, आणि पाहिली नाही असं दाखवलं.

त्यानं उंबराचं एक पान पुढं केलं. पानावर चण्याएवढे फोड उठले होते, हिरवे, टचटचीत.

"देवी आल्यात पानाला," ती म्हणाली. "सगळं झाडच तसलं हाय."

"देवी नव्हे, बिऱ्हाड आहे. एक इवला जीव आहे बघा, त्याचं तोंड सुईसारखं. कोवळ्या पानात सुई खुपसून रस पितो. पान बिचारं त्याच्याभोवती सुजतं आणि त्यालाच कोंडून घेतं." त्यानं नखानं फोड उघडला आणि भिंग तिच्या हातात दिलं. "बघा."

ती वाकली. फोडात खरंच कुणीतरी होतं, पिवळट, डोळे मिटल्यासारखं. "आत कोन तरी हाय की..." म्हणत तिनं भिंग तसंच वर उचललं, आणि त्यात कुंडलिकचा डोळा आला. केवढा मोठा. तपकिरी, आणि तिच्याकडंच लागलेला.

तिनं भिंग परत दिलं. "दिसलं," म्हणाली, "सगळं दिसलं."

दुसऱ्या दिवशी तो उरलेल्या अकरा पत्रावळी टाचायला आला. तिसऱ्या दिवशी अकरांपैकी चार पुन्हा टाचायला आला. नंतर कारण सांगायचं सोडून दिलं.

त्याच्या वरच्या साहेबानं त्याला एक कोडं घातलं होतं. रस पिणारी कीड एका झाडावर तुटून पडते आणि शेजारच्या झाडाकडं ढुंकून बघत नाही, ते का? कुंडलिक वहीत पानांची लांबी-रुंदी लिहायचा. कस्तुरा पान घ्यायची आणि अंगठा नि तर्जनी यांच्यात धरून एकदा सरकवायची, बस.

"ह्याला लागनार," ती म्हणायची. "कोवळं, पातळ, लोण्यावानी गुळगुळीत. आन हे जून पळसाचं बघा, चामडं झालंय. सुई मोडंल."

तो झाडावर जाऊन बघून यायचा. दहांतली आठ बरोबर निघायची. उरलेल्या दोनांवर भांडण व्हायचं, आणि ते दोघांनाही आवडायचं.

एकदा तिनं भाऱ्यातून एक वेगळंच पान काढलं. ओढ्याकाठच्या बोखाड्याचं. बाळासो त्याची वाळकी पानं मुद्दाम आणायचा, चोया गुळगुळीत करायला आणि भांडी घासायला. मांजराच्या जिभेसारखं खरखरीत पान. बोखाड्याची फळं उंबरासारखीच बुंध्याला लगडतात, लांबून बघणारा हटकून फसतो.

"हे?" तिनं विचारलं.

कुंडलिकनं भिंग लावलं. "लव आहे की ह्याला. दोन्ही अंगांनी. उंबरावरचा तो किडा इथं उभाच राहू शकत नाही. पाय ठरत नाही, सुई पोचत नाही."

"म्हंजे खरखरीत आसलं की कीड येत न्हाय?"

"कमी येते. अगदीच येत नाही असं नाही."

"मग मानसानंबी थोडं खरखरीतच आसावं."

"तुम्ही आहात की."

कस्तुरानं चोय दातात धरली, हसू दिसू नये म्हणून. मग डहाळी त्याच्या नाकापुढं धरली. "आन ह्येबी लिवा तुमच्या वहीत. बोखाड्याची पानं जोडीनं येत्यात, समोरासमोर. उंबराची एकाआड एक. पान खुडणाऱ्याला हाताला कळतंय."

त्यानं निरखून पाहिलं. खरंच की. "मग लिहू का – जोडीनं राहणाऱ्याला कीड लागत नाही?"

"लिवा," ती खाली बघत म्हणाली. "सायबाला पटलं तर बगा."

बजाबाई आडावर कळशी भरत होती. ती भरून केव्हाच वाहू लागली होती.

असेच एकदा त्यानं उंबराचं पिकलेलं लालबुंद फळ पुढं केलं. कस्तुरानं मान हलवली. "आमच्यात चालत न्हाय."

"का?"

"न्हाय म्हंजे न्हाय."

"आमच्या विहिरीवरही एक उंबर आहे," तो सांगू लागला, "नातेपुत्याला, मळ्यात. आषाढ असो की माघ, त्याच्या पानावर एक फोड नाही. आजी म्हणते, देवाची राखण आहे."

"एकबी न्हाय? भिंगानं बगितलं का?"

"छे. देवाच्या झाडाला भिंग लावायचं नसतं. लहानपणी नुसता हात लावला तर आजीनं चापट मारली होती. तेव्हापासनं लांबूनच नमस्कार." तो हसला. मोठ्या झाडांचा मोठा परीक्षक, आणि घरचं एक झाड तेवढं त्यानं कधी जवळून पाहिलं नव्हतं. भक्तीत असं होतं, मंडळी. ज्याच्या पाया पडतो, त्याचे पाय कसे आहेत हे सांगता येत नाही.

दसऱ्याला सोनं द्यायला तो आला तेव्हा आपट्याची पानं बजाबाईच्या हातावर ठेवून म्हणाला, "मावशी... चुलत्यांना बोलावून घेऊ का?"

बजाबाईनं पानं कपाळाला लावली. आत कस्तुराच्या हातातली पत्रावळ उलटी टाचली गेली.

आठवड्यानं पाहुणे आले. चुलते महिपती, आईबापाविना वाढलेल्या कुंडलिकला ज्यांनी सांभाळलं ते, मोठ्या मुंडाशाचे, थोडं बोलणारे. आणि महिपतीची चुलती रंभाबाई, सत्तरीची, वाकलेली. कुंडलिकची आजी म्हणत होतो ती हीच. जात एक, कुळं वेगळी. मुलगी पसंत पडायला वेळ लागला नाही. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तोंडात टाकून महिपती म्हणाले, "हाताला चव हाय पोरीच्या." एवढं बोलणं म्हणजे त्यांच्या मानानं भाषणच होतं.

कस्तुरा मागच्या दारी पितळी घासायला बसली. बोखाड्याचं वाळकं पान घेऊन ती कड घासत होती. रंभाबाई काठी टेकत तिच्याशी येऊन बसली आणि त्या पानाकडं बघत राहिली.

"आमच्या घरात आलीस की राख घ्यायची हां, बाळ. पानानं भांडं घासत न्हाईत आमच्यात."

"का हो, आजी?"

"सासूनं पैल्या दिशी सांगितलं. हिरीवरलं पान भांड्याला लावायचं न्हाय. का, ते मी इचारलं न्हाय. तूबी इचारू नको." आणि म्हातारी बोळकं पसरून हसली.

तेवढ्यात पुढच्या खोलीत आवाज बंद झाला. भर बोलण्यातली शांतता कशी असते, कीर्तनात मृदंगाची वादी तुटल्यासारखी, तशी. कस्तुरा हात तसेच ओले घेऊन दाराशी गेली.

महिपतींनी नारळ हातात घेतला होता, आणि देता देता रिवाजानं विचारलं होतं, "तुमचं देवक?"

बाळासो म्हणाला होता, "उंबर."

महिपतींनी नारळ हळूच परत पिशवीत ठेवला. "आमचंबी उंबरच."

देवक म्हणजे कुळाचं झाड. लग्नात आधी त्याचं पान मांडवात पुजायचं, मग नवरानवरीला हळद. त्या झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही, त्याचं फळ खायचं नाही, पान कामाला लावायचं नाही. आणि दोन घरांचं देवक एक म्हणजे त्या घरांची मुलं बहीणभाऊ. तिथं सोयरीक होत नाही. पैसाअडका, मानपान, सगळ्यावर तोड निघते, देवकावर निघत नाही.

"मला ठाऊक नव्हतं..." कुंडलिक म्हणाला. कुणाला म्हणाला, ते त्यालाही कळलं नसेल.

पाहुणे गेले. पेठेत बातमीला पाय फुटले. तिसरं स्थळ, तेही आवारात रोज येऊन बसणारं. शेजारच्या माडीवरची काशम्मा मागावरनं उठून येऊन बजाबाईला म्हणाली, "बाई, आता पोरीचं नाव खराब होईल. पोरगा रोज येत होता, सगळ्यांनी बघितलंय."

बजाबाईनं दोन दिवस विचार केला आणि मार्ग काढला. "देवकानं भाऊ दिलाय न्हवं? मग भाऊच. बीजेला त्याला बोलवू. चार मानसांदेकत ववाळ. लोकांची तोंडं बंद होतील, तुझं पुढचं जमंल."

एकदा निरांजन फिरलं की फिरलं. ज्याच्या कपाळाला बहीण म्हणून कुंकू लावलं, त्याच्या नावाचं पुन्हा कधी लावायचं नाही. दिवाळी बारा दिवसांवर होती.

त्या संध्याकाळी देवळात कीर्तन होतं. कस्तुरा खांबाआड बसली होती. बुवांनी काय आख्यान लावलं ते तिच्या कानावरून गेलं, पण एक वाक्य मात्र खाली उतरलं. बुवा म्हणाले, "नाव माणसं ठेवतात, गुण देव ठेवतो. नावानं हाक मारा, पण ओळख पटवायची ती गुणानं."

धनत्रयोदशीच्या सकाळी बजाबाईनं तिच्यापुढं तबक ठेवलं, ओवाळायचं. "लख्ख घास," म्हणाली आणि पाणी शेंदायला गेली.

कस्तुरानं बोखाड्याचं पान घेतलं. तबकात तिचं तोंड हळूहळू उजळत आलं, नको असताना. डोळ्यांतलं पाणी तबकावर पडलं, ते तिनं पानानंच पुसलं. आणि तिचा हात थांबला.

हिरीवरलं पान भांड्याला लावायचं न्हाय.

ती उठली. उंबराखाली एक पान पडलं होतं, फोडांनी भरलेलं. तिनं नमस्कार केला, ते उचललं आणि तबकावर हलकेच फिरवलं. पान सुर्रकन घसरलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा घसरलं. तबकावर एक ओरखडासुद्धा नाही. ह्या पानानं जगात कुणी भांडं घासलं असेल का? मग जे कुणी करूच शकत नाही, ते करू नको असं कुठली सासू कशाला सांगेल?

आणि एक फोड नाही म्हणे. आषाढ असो की माघ...

दुपारी कुंडलिक आला. चार दिवस रजा काढून गावी निघाला होता, खांद्याला पिशवी. तोंड उतरलेलं. बजाबाईनं त्याला बीजेचं आवतण आधीच दिलं होतं आणि त्यानं मान खाली घालून घेतलं होतं.

"कस्तुरा..." पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली. "मी बीजेला येणार नाही. पेठेतले काय म्हणायचं ते म्हणोत. मला ते जमणार नाही."

"यायचं," ती म्हणाली. "आन ओवाळणी घेऊन यायचं. मी आत्ताच सांगून ठेवते काय पायजे ते."

त्यानं वर पाहिलं. त्याला वाटलं, ही चेष्टा करतीय. पण तिच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. मघाशी म्हटलं होतं ना, डोळ्यांचं पुढं सांगेन? तर ते हे. कस्तुरा डोळे मोडून कधी बघत नसे. बघायची ते सरळ, चोय पानात घालावी तसं.

"तुमच्या हिरीवरल्या देवकाची डहाळी. आपसूक पडलेली, तोडायची न्हाय. पानासकट."

"ती कशाला?"

"आन जाताना भिंग घेऊन जावा."

"देवाच्या झाडाला..."

"देव काय भिंगाला भितो का?" ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "बगा की जरा. माझ्यासाटनं."

तो तिच्याकडं, मग तिच्या हातातल्या तबकाकडं, मग तिच्या पायाशी पडलेल्या दोन पानांकडं बघत राहिला. एक गुळगुळीत, फोडांचं. एक खरखरीत, निर्मळ. त्याच्या एका गालाची खळी उमटायच्या बेतात आली आणि थांबली, भीतीनं. आशेचीही भीती वाटते माणसाला.

"मोटार सुटेल," तो म्हणाला आणि जवळजवळ पळतच गेला.

ते चार दिवस कस्तुरानं कसे काढले, ते मी सांगत नाही. पणत्या लावल्या, करंज्या केल्या. आपलं चुकलं असेल तर? म्हातारीची सासू नुसतीच विक्षिप्त असली तर? आईला ती एक अक्षर बोलली नाही.

बीजेच्या दिवशी आवारात पाट मांडला. रांगोळी घातली. काशम्मा आणि शेजारच्या दोघीतिघी बघायला येऊन बसल्या. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला, तरी पत्ता नाही. कस्तुरानं निरांजन लावलं, तेही वाऱ्यानं दोनदा विझलं.

मग दारात मुंडासं दिसलं. महिपती. त्यांच्या मागं काठी टेकत रंभाबाई. आणि मागं कुंडलिक, छातीशी काहीतरी धोतराच्या फडक्यात गुंडाळून धरलेलं, त्या दिवशी भिंग धरलं होतं तसं.

तो पाटावर बसला नाही. उभ्यानंच त्यानं फडकं सोडलं आणि डहाळी तबकात ठेवली. पानं समोरासमोर, जोडीजोडीनं. एकावरही फोड नाही.

कस्तुरानं अंगठा आणि तर्जनी यांच्यात पान धरून सरकवलं. खरखर आवाज झाला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा.

"बोखाडा," ती म्हणाली.

"बोखाडा," कुंडलिक म्हणाला. "मी तासभर भिंग लावून बसलो होतो. लवच लव. आमच्या झाडाला कीड लागत नाही ती..."

"थांब," महिपती म्हणाले. त्यांचा चेहरा कठीण झाला होता. "वाटंत धा बारी ऐकलं ते. बोखाड्याला काळा उंबरबी म्हनत्यात. काळा आसंना, उंबर तो उंबरच. माझ्या वडलांनी माझ्या लग्नात उंबर म्हनूनच पान पुजलं. वडील खोटं बोलले म्हनू का मी, आज ह्या वयात?"

कस्तुरानं निरांजनाची वात पुढं सरकवली. बजाबाईनं हळूच खुणावलं, ओवाळ, आटप.

तेव्हा रंभाबाई पाटावर बसली. "पाय दुकत्यात," म्हणाली. "महिपती, तुझा बाप खोटं बोलला न्हाय. फळं बगून बोलला. माझे थोरले दीर ते, देवमानूस. पन पोथी वाचनारा मानूस, त्येंनी कदी भांडं घासलं का? पान हातात घेतलं का? माझ्या सासूनं उंबर हे नाव कदी घेतलं न्हाय. हिरीवरलं पान, एवढंच म्हनायची. भांड्याला लावू नको म्हनायची. आन आणिक एक सांगते."

म्हातारीनं देवळातल्या उंबराकडं बोट दाखवलं.

"वढ्यापल्याडचा उंबर पिकला की माझी सासू वटी भरून फळं आनायची. अर्धी मला, अर्धी ती. दारात बसून खायचो दोगी. देवक कुनी खातं का रं, महिपती?"

महिपतींनी उंबराकडं एकदा पाहिलं. मग त्यांनी तबकातली डहाळी उचलली. मोठ्या, भेगाळलेल्या अंगठ्यानं एक पान चोळलं. पुन्हा चोळलं.

"म्हंजे..." ते सावकाश म्हणाले, "माझ्या लग्नात पान हेच व्हतं."

"हेच की. बापाच्या लग्नातबी हेच. झाड तेच, पूजा तीच. नाव तेवढं चुकलं. आन देव काय नावासाटी अडून बसतोय व्हय?"

महिपतींनी डहाळी डोळ्यांना लावली. मुंडासं जरा पुढं सरकलं, आणि ते सरळ करताना त्यांनी डोळेही पुसून घेतले. मग पिशवीत हात घातला. नारळ त्यांनी येतानाच आणला होता. मनातून माणूस केव्हाच विरघळला होता, फक्त बापाच्या शब्दावर कुणीतरी हळुवार हात ठेवायला हवा होता.

"बाळासो," ते म्हणाले, "आमचं देवक बोखाडा. तुमचं उंबर. आता काय म्हनता?"

बाळासोनं हात जोडले.

"आन ह्ये लावलेलं निरांजन?" काशम्मानं मधेच विचारलं. "बीजेच्या दिवशी पेटवलेलं तसंच ठेवत नाहीत."

बजाबाई पुढं झाली. तबक लेकीच्या हातून घेतलं आणि महिपतींना म्हणाली, "दादा, पाटावर बसा. मला भाऊ न्हाय."

म्हातारीला उठवून महिपती पाटावर बसले. निरांजन फिरलं. तबकात ओवाळणी म्हणून नारळ पडला, आणि त्या एका नारळात बहीण मिळाली, सूनही मिळाली. बघायला आलेल्या बायका डोळे पुसत घरी गेल्या. पेठेला पुढचे पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता.

सगळे आत चहाला गेले तेव्हा कुंडलिक आडाशी रेंगाळला. कस्तुरा पाट उचलायला आली. पाट काही जड नव्हता, पण तिला बराच वेळ लागला.

"मी एवढी झाडं बघितली," तो म्हणाला. "घरचंच तेवढं बघितलं नाही. तू नसतीस तर... लांबून नमस्कार करत बसलो असतो आयुष्यभर."

"आन मी ओवाळून बसले आसते."

"कस्तुरा, तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की." तिनं सरळ त्याच्याकडं पाहिलं. "म्हनून तर तबक एवढं घासलं."

त्यानं खिशातून वही काढली, पान उलटून तिच्यापुढं धरलं. तिला अक्षरं तेवढी लागत होती. एकेक जोडत तिनं वाचलं, "जो-डी-नं राह-णाऱ्या-ला..." आणि पुढचं न वाचताच वही मिटून त्याच्या छातीवर टेकवली. आतून बजाबाईनं हाक मारली. दोघांनीही ऐकली नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि आठ दिवसांनी ह्यांचं झालं. मांडवात देवकं बसली, एका बाजूला उंबराचं पान, फोडांसकट, एका बाजूला बोखाड्याचं. ताटं अर्थातच पळसाची, आणि त्यांतल्या बारा पत्रावळी नवरदेवानं स्वतः टाचल्या होत्या. त्यांच्यावर आमटी कुणाला वाढायची ह्यावरून मांडवात भांडण झालं म्हणतात.

झाली गोष्ट. आता माझं मागणं. कुठल्याही पंगतीत पानावर बसाल तेव्हा वाढप्याची वाट बघता बघता पान एकदा बोटांत धरून बघा. गुळगुळीत आहे की खरखरीत, कोवळं की जून. आणि पहिला घास उचलण्याआधी रंभाबाईंना आठवा. सासूनं का म्हणून सांगितलं नाही, त्यांनी का म्हणून विचारलं नाही, तरी साठ वर्षं ते पान त्यांनी भांड्याला लावलं नाही. आणि बोलायची वेळ आली तेव्हा त्या बोलल्या. एवढी आठवण काढा, मग सुखानं जेवा.